बंदरावरची शुल्कवसुली: माणसं किती, खर्च किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जहाजातून उतरलेल्या मालावरचं आयातशुल्क तिजोरीत पोचेपर्यंत वाटेत बरीच माणसं लागतात, आणि त्या माणसांना पगार लागतो. या पगाराबद्दल, माणसांच्या संख्येबद्दल आणि एकूण खर्चाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. काही उत्तरं दोन ओळींत संपतात, काही लांबतात.

शुल्क गोळा करायला शेकडा किती खर्च येतो?

कुणी एकच आकडा छातीठोकपणे सांगितला, तर त्याला आधी दोन गोष्टी विचाराव्यात: खर्चात काय काय धरलंत, आणि वसुलीत काय काय धरलंत?

अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथनं १७७६ मध्ये ब्रिटनचा हिशेब मांडला. सीमाशुल्काच्या निव्वळ वसुलीच्या मानानं पगार आणि किरकोळ खर्च मिळून दहा टक्क्यांच्या वर जात होता. देशात तयार होणाऱ्या मालावरच्या अबकारी कराचा खर्च मात्र साडेपाच टक्क्यांच्या आसपास होता. स्मिथ तेवढ्यावर थांबला नाही. बंदरावरच्या अधिकाऱ्यांची वरकमाई सगळीकडे पगारापेक्षा जास्त असते, काही बंदरांत तर ती पगाराच्या दुप्पट-तिप्पट आहे, आणि तीही धरली तर खरा खर्च वीस-तीस टक्क्यांच्या पुढे जाईल, असं त्यानं नोंदवलं. एकाच खात्याचे, एकाच काळातले हे दोन आकडे आहेत. दहा टक्के सरकारच्या खिशातून जात होते, बाकीचे व्यापाऱ्याच्या.

आजही गोष्ट फार वेगळी नाही. बहुतेक देशांत आयातीवरचा मूल्यवर्धित कर कस्टम्सच गोळा करतं. तो वसुलीत धरला की टक्केवारी एकदम देखणी होते, वगळला की डोळ्यांवर येते. खर्चाच्या बाजूलाही अशीच सरमिसळ असते. अमली पदार्थ पकडणं, प्रवाशांचं सामान तपासणं, बनावट औषधं अडवणं, व्यापाराची आकडेवारी तयार करणं ही सगळी कामं त्याच माणसांची. त्यातला शुल्कवसुलीचा वाटा किती, हे कागदावर ठरवावं लागतं, आणि ते ठरवणारा माणूस टक्केवारीही ठरवत असतो.

ही टक्केवारी कमी झाली म्हणजे खातं सुधारलं असं समजायचं का?

नाही. अमेरिकेत सप्टेंबर २०२४ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात सीमाशुल्कापोटी सुमारे ७७ अब्ज डॉलर जमा झाले. पुढच्या वर्षी दर भराभर चढवले गेले आणि जमा रक्कम सुमारे १९५ अब्जांवर गेली. या काळात गोदीवरची माणसं काही अडीचपट झाली नाहीत. डॉलरमागचा वसुलीखर्च खाली आला, पण त्याचं श्रेय खात्याच्या कामाला देता येत नाही.

उलटही घडतं. दोन देशांत व्यापार करार होतो आणि एकमेकांच्या मालावरचं शुल्क उतरतं. आता हा माल खरंच त्या देशात तयार झाला की तिसऱ्याच देशातून आणून नुसता खोका बदलला, हे तपासावं लागतं. मूळ देशाचे दाखले पाहणं, त्यांची खातरजमा करणं, वाद निस्तरणं हे सगळं नवं काम असतं. काम वाढतं, वसुली घटते, टक्केवारी बिघडते. अशा वेळी केवळ त्या आकड्यावर बोट ठेवून माणसं कमी करायला निघालेला अर्थमंत्री करारातली पळवाटच रुंद करत असतो.

बंदरावर नेमकी कोणकोणती माणसं लागतात?

प्रवाशांना विमानतळावर दिसणारा गणवेशातला अधिकारी हा या यंत्रणेचा अगदी छोटा भाग आहे. मालाच्या वाटेनं गेलं तर चित्र असं दिसतं.

जहाज येण्याआधी त्याची मालयादी येते. जहाजात काय चढलं, कुणाच्या नावे आहे, कुठे उतरायचं आहे, हे त्यात असतं. ती यादी आणि आयातदारानं भरलेलं घोषणापत्र जुळतं का, हे पाहणारी माणसं पहिली. मग येतात वर्गीकरण आणि मूल्यांकन करणारे. माल दरपत्रकातल्या कोणत्या ओळीत बसतो आणि बिलावर लिहिलेली किंमत खरी वाटते का, हे ते ठरवतात. बहुतेक भांडणं इथे होतात, त्यामुळे अनुभवी माणसंही इथेच लागतात. गोदीत प्रत्यक्ष खोकी उघडणारे तपासनीस वेगळे. रसायन, तेल, कापड यांचे नमुने तपासणारी प्रयोगशाळा वेगळी. शुल्क भरलेलं नसताना माल ठेवायची सोय असलेल्या गोदामांवर देखरेख करणारे आणखी वेगळे. जहाजाची झडती घेणारं आणि किनाऱ्यावर गस्त घालणारं प्रतिबंधक पथक असतं. मागाहून आयातदाराच्या वह्या तपासणारे लेखापरीक्षक, अपिलं लढवणारे कायद्याचे जाणकार, परतावे देणारे कारकून आणि संगणक सांभाळणारे या सगळ्यांची भर पडते.

जुन्या काळी या यादीत वजन करणारे आणि पिंपांतली दारू मोजणारे मोठ्या संख्येनं असत. जहाज धक्क्याला लागल्यापासून रिकामं होईपर्यंत त्यावर मुक्काम ठोकून बसणारा पहारेकरीही असे, म्हणजे रात्री माल गुपचूप होडीत उतरू नये. कंटेनर आल्यावर या लोकांचं काम जवळपास संपलं. पोलादी पेटीला कुलूप आणि मोहर असते, आणि ती होडीत टाकून पळता येत नाही.

एकाच कामावर दोन-तीन सह्या कशाला? इथेच निम्मी माणसं वाचतील की!

हा सल्ला देणारे दर पिढीत भेटतात. पैसा घेणारा एक आणि त्याची वेगळी नोंद ठेवणारा दुसरा, ही पद्धत फार जुनी आहे. १३७४ मध्ये लंडन बंदरात लोकरीच्या शुल्कावर नियंत्रक म्हणून जेफ्री चॉसर या कवीची नेमणूक झाली, ती नोंदी स्वतःच्या हातानं लिहायच्या या अटीवर. वसुली करणाऱ्यांच्या हिशेबाला ताडून पाहता येईल असा दुसरा हिशेब राजाला हवा होता.

अमेरिकेनं १७८९ मध्ये आपली व्यवस्था उभारली तेव्हा मोठ्या बंदरांत तीन अधिकारी नेमले. कलेक्टर पैसे घेई, नेव्हल ऑफिसर त्याच्या कागदांवर सही करून स्वतंत्र नोंद ठेवी आणि सर्वेअर गोदीवरच्या तपासनिसांवर, वजन-माप करणाऱ्यांवर लक्ष ठेवी. एवढं असूनही न्यूयॉर्कचा कलेक्टर सॅम्युएल स्वार्टवाउट १८३८ मध्ये युरोपला निघून गेला आणि हिशेबात बारा लाख डॉलरांहून जास्त खड्डा निघाला. दुसरी सही असली तरी ती करणारा डोळे उघडे ठेवून करतो का, हा प्रश्न उरतोच. सही काढून टाकली तर मात्र खड्डा मोजायलाही कुणी उरत नाही.

संगणकानं या दुहेरी नोंदीचा खर्च खूप उतरवला आहे. कोणत्या अधिकाऱ्यानं कोणत्या क्षणी कोणता आकडा बदलला, याची आपोआप नोंद राहते. ती वाचायला माणूस नेमला असेल, तर तिचा उपयोग.

पगाराऐवजी वसुलीत किंवा दंडात वाटा दिला तर अधिकारी जास्त मन लावून काम करतील ना?

करतील, पण कशाच्या मागे लागतील हे पाहा. अमेरिकेत १८७४ पर्यंत दंड आणि जप्तीतला वाटा अधिकाऱ्यांना मिळत असे. फेल्प्स डॉज या मोठ्या धातुव्यापारी पेढीच्या काही बिलांमध्ये किमती कमी दाखवल्याचा ठपका आला. सरकारचं प्रत्यक्ष नुकसान काही हजार डॉलरांच्या आतलं होतं, पण कायद्याप्रमाणे सगळी खेपच जप्त होण्याची भीती दाखवता येत होती. पेढीनं २,७१,००० डॉलर भरून प्रकरण मिटवलं आणि त्यातला वाटा बंदराच्या अधिकाऱ्यांमध्ये वाटला गेला. त्या वेळी न्यूयॉर्कचे कलेक्टर होते चेस्टर आर्थर, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. अशा वाट्यांमुळे त्यांचं वर्षाचं उत्पन्न पन्नास हजार डॉलरांच्या घरात गेलं होतं. ओरड झाली, अमेरिकेच्या संसदेनं १८७४ मध्ये वाटा बंद केला आणि ठरावीक पगार आला.

वाट्याची पद्धत खात्याच्या ताळेबंदात स्वस्त दिसते, कारण पगार कमी ठेवता येतो. तिची किंमत व्यापारी मोजतो. शिवाय अधिकारी चूक होण्याआधी सावध करत नाही, चूक होऊ देतो, कारण त्याचं पोट चुकीवर असतं. बक्षीस द्यायचंच तर ते सगळ्या पथकाला, मर्यादित आणि अपिलात टिकलेल्या प्रकरणांपुरतंच असावं, असं माझं मत आहे.

मग सगळं काम मक्त्यानं का देत नाहीत?

दिलं होतं. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाचा बराच काळ सीमाशुल्काचा मक्ता धनको मंडळींकडे असे. ते राजाला ठरलेली रक्कम आगाऊ देत आणि वरची वसुली स्वतः ठेवत. राजाला नोकर पोसावे लागत नसत आणि अडीअडचणीला कर्जही मिळे. पण व्यापार वाढला की वाढीव पैसा मक्तेदाराकडे जाई. १६७१ मध्ये मक्ता मोडून सरकारी मंडळ नेमलं गेलं.

विसाव्या शतकात हीच कल्पना सौम्य रूपात परत आली. इंडोनेशियानं १९८५ मध्ये आपल्या बदनाम कस्टम्स खात्याचे बरेचसे अधिकार काढून घेतले आणि माल निघण्याआधी परदेशातल्या बंदरातच तपासण्याचं काम एका स्विस कंपनीला दिलं. ही व्यवस्था १९९७ पर्यंत चालली. मोझांबिकनं १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात क्राउन एजंट्स या ब्रिटिश संस्थेकडे खात्याचं व्यवस्थापनच सोपवलं आणि त्या काळात नवी माणसं घडवून खातं परत हातात घेतलं. दोन्हींत फरक आहे. तपासणी बाहेर दिली आणि घरची माणसं तशीच बसवून ठेवली, तर पगारही द्यावा लागतो आणि कंपनीची फीही. कंत्राटात माणसं तयार करण्याची अट आणि संपण्याची तारीख असेल, तर निदान पैशातून काही मागे उरतं. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार २०१७ मध्ये लागू झाला. त्यानुसार वर्गीकरण आणि मूल्यांकन यांसाठी निर्यातीआधीची अशी तपासणी सक्तीची करता येत नाही.

काही लहान बंदरांवर वसुलीपेक्षा खर्च जास्त होतो. ती बंद का करत नाहीत?

अगदी टोकाचं उदाहरण १७६० च्या दशकातलं. ब्रिटनच्या अमेरिकेतल्या वसाहतींमधून वर्षाला दोन हजार पौंडांच्या आत सीमाशुल्क येत होतं आणि ते गोळा करायला सात-आठ हजार पौंड लागत होते. पंतप्रधान ग्रेनव्हिलनं चौकशी केली तेव्हा दिसलं, की नेमणूक झालेले कितीतरी अधिकारी इंग्लंडमध्येच राहत होते. पगार तिथे घेत आणि अमेरिकेत तुटपुंज्या पैशावर बदली माणूस बसवत. तो बदली माणूस स्थानिक व्यापाऱ्यांशी जुळवून घेणार नाही तर काय करणार? १७६३ मध्ये सगळ्यांना हुकूम गेला की आपापल्या बंदरावर हजर व्हा, नाहीतर जागा सोडा. या तोट्याचं कारण बंदरांचं लहानपण नव्हतं. तिथे कामावर माणूसच नव्हता.

खरोखर लहान बंदराचा हिशेब वेगळा. समजा एका खाडीवरच्या नाक्यावर दोन माणसं आहेत आणि वर्षाची वसुली त्यांच्या पगाराइतकीही नाही. नाका उठवला की दुसऱ्या महिन्यापासून होड्या तिथे लागू लागतील आणि शंभर मैलांवरच्या मोठ्या बंदराची वसुली घसरेल. त्या दोन माणसांची कमाई मोठ्या बंदराच्या वहीत जमा होत असते. अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यानं हे नीट ओळखलं होतं. बंदरांच्या तोंडाशी थोडी सशस्त्र गलबतं ठेवली तर कमी खर्चात कायद्याचा पहारा होईल, असं त्यानं मांडलं आणि १७९० मध्ये अशा दहा गलबतांना मंजुरी मिळवली. त्याच सुमारास फ्रान्सला आपल्या सीमांवर वीस हजारांहून अधिक पहारेकरी ठेवावे लागत होते.

अर्थात प्रत्येक तोट्यातलं ठाणं पहाऱ्यासाठीच असतं असं नाही. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात अनेक निर्जीव बंदरांवरच्या जागा पक्षाच्या कार्यकर्त्यांची सोय म्हणून टिकल्या. १८७७ मध्ये चौकशीसाठी नेमलेल्या ‘जे’ नावाच्या आयोगानं तर न्यूयॉर्कसारख्या सर्वांत गजबजलेल्या बंदरातही शेकडा वीस माणसं जादा आहेत, असं सांगितलं. शेवटी १९१३ मध्ये शंभरावर सीमाशुल्क जिल्हे मोडून ४९ करण्यात आले.

दर वाढवले तर खर्च तेवढाच राहून वसुली वाढेल, नाही का?

काही मर्यादेपर्यंत. दर चढला की चोरट्या मार्गाचा नफाही चढतो आणि तो अडवायला माणसं वाढवावी लागतात. अठराव्या शतकात ब्रिटनमध्ये चहावर सगळे कर मिळून किमतीच्या ११९ टक्के बोजा होता. किनाऱ्यावर चहाच्या तस्करांच्या टोळ्या उघड फिरत, गस्तीवरच्या लोकांशी लढत. १७८४ मध्ये पंतप्रधान धाकट्या पिटनं हा दर साडेबारा टक्क्यांवर आणला. तस्करीत पैसा उरला नाही आणि एक-दोन वर्षांत अधिकृत आयात दुपटीहून वाढली. एवढी दरकपात मात्र फुकटात झाली नाही. तूट भरून काढायला पिटनं घरांच्या खिडक्यांवरचा कर वाढवला.

मोलॅसिसचं, म्हणजे उसाच्या काकवीचंही तसंच. गॅलनमागे सहा पेन्स होते तेव्हा अमेरिकी वसाहतींत जवळजवळ कुणी भरत नव्हतं. १७६४ मध्ये दर तीन पेन्स झाला, १७६६ मध्ये एक पेनी, आणि वसुली वाढली.

दरपत्रक सोपं केलं तर माणसं किती कमी होतील?

माझ्या मते माणसं वाचवण्याचा सर्वांत दुर्लक्षित मार्ग हाच. १८४० मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीनं दरपत्रक तपासलं. हजाराहून अधिक वस्तूंवर शुल्क होतं आणि त्यांतल्या अवघ्या १७ वस्तूंमधून साडेचौऱ्याण्णव टक्के उत्पन्न येत होतं. उरलेल्या शेकडो वस्तूंसाठी तपासनीस, नोंदवह्या, वाद, सगळं चालू होतं. पुढच्या वीस वर्षांत यादी छाटत नेली गेली. १८६० च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री ग्लॅडस्टननं शुल्क लागणाऱ्या वस्तू ४१९ वरून ४८ वर आणल्या.

जुनी यादी किती अचाट होती याचा एक किस्सा आहे. ॲडम स्मिथ १७७८ मध्ये स्वतःच स्कॉटलंडच्या सीमाशुल्क मंडळावर आयुक्त झाला. बंदी असलेल्या मालाची यादी वाचून त्यानं घरातले कपडे पाहिले, तर गळपट्ट्यांपासून रुमालांपर्यंत जवळपास सगळंच बेकायदा निघालं. त्यानं ते जाळून टाकलं. आयुक्ताच्याच कपाटात ही स्थिती, तर शिपायानं कुणाकुणाला पकडायचं?

आज जगभर १९८८ पासूनची एकसारखी वर्गीकरण पद्धत आहे, सहा आकडी पातळीवर पाच हजारांहून अधिक ओळींची. ओळी जास्त असण्यानं तितकं बिघडत नाही. शेजारच्या दोन ओळींवर वेगवेगळे दर लावले की बिघडतं. मग माल कोणत्या ओळीत बसवायचा यावर आयातदार वकील लावतो आणि खात्याला त्याच्यासमोर तोलामोलाचा माणूस उभा करावा लागतो.

सगळे कंटेनर उघडून का पाहत नाहीत?

कारण तितकी माणसं आणि तितकी जागा कुठल्याच बंदराकडे नाही. आजची सर्वांत मोठी जहाजं वीस फुटी पेट्यांच्या मापानं चोवीस हजारांपर्यंत पेट्या नेतात. एक पेटी नीट रिकामी करून, पाहून, परत भरायला हमालांसह अख्खी पाळी जाऊ शकते. अमेरिकेनं २००७ मध्ये कायदाच केला, की देशात येणारी प्रत्येक पेटी परदेशी बंदरातच यंत्रानं तपासली जावी आणि हे २०१२ पर्यंत व्हावं. मुदत पुनःपुन्हा वाढवावी लागली. ते झालं नाही.

त्याऐवजी जोखीम पाहून निवड होते. नवा आयातदार, संशयास्पद किंमत, विचित्र मार्ग, मालाशी न जुळणारं वजन अशा खुणांवरून संगणक काही पेट्या वेगळ्या काढतो. ज्यांची जुनी नोंद स्वच्छ आहे त्यांचा माल थेट सुटतो. यातली मेख अशी, की निवडीचे निकष सतत बदलत ठेवावे लागतात आणि थोड्या पेट्या निव्वळ चिठ्ठ्या टाकून उघडाव्या लागतात. हे नाही केलं तर संगणक कालच्या चोरांनाच शोधत बसतो.

संगणक आल्यावर कर्मचारी कमी झाले का?

काउंटरवरचे झाले. सिंगापूरनं १९८९ मध्ये ट्रेडनेट ही सगळे अर्ज एकत्र घेणारी संगणक प्रणाली सुरू केली. तोवर एका खेपेसाठी निरनिराळ्या खात्यांचे पस्तीसपर्यंत कागद लागू शकत आणि परवानगीला दिवस जात. नंतर एक अर्ज आणि काही मिनिटं. संयुक्त राष्ट्रांच्या अंक्टाड या व्यापारविषयक संस्थेची असिकुडा ही कस्टम्सच्या कामाची संगणक प्रणाली १९८० च्या दशकापासून पसरत आता शंभरच्या आसपास देशांत चालते, त्यामुळे लहान देशांना स्वतः खर्च करून काही बांधावं लागत नाही.

वाचलेली माणसं मात्र घरी गेली नाहीत; निदान जिथे सुधारणा टिकली तिथे तरी नाही. माल लवकर सोडायचा आणि नंतर आयातदाराच्या हिशेबवह्या तपासायच्या, ही आजची पद्धत आहे. त्याला ताळेबंद वाचता येणारे लोक लागतात आणि त्यांचा पगार गोदीवरच्या तपासनिसापेक्षा जास्त असतो. शंभर शिक्के मारणाऱ्यांच्या जागी तीस लेखापरीक्षक आले, तर संख्या घटते. वेतनाचा खर्च त्या प्रमाणात घटत नाही. नोकरभरती जुन्याच पात्रतेवर चालू ठेवून संगणक आणलेल्या खात्यांत दोन्ही खर्च चालू राहतात.

आणि घरपोच पार्सलांनी सगळं गणित पुन्हा उलटवलं आहे. पूर्वी एका घोषणापत्रावर पूर्ण कंटेनर यायचा. आता तेवढ्याच मालाची हजार पाकिटं, हजार नावांनी येतात. लहान रकमेच्या पार्सलांना शुल्क माफ करण्यामागे हाच विचार होता, की गोळा करायचा खर्च वसुलीपेक्षा जास्त. अमेरिकेत ही मर्यादा २०१६ पासून ८०० डॉलर होती. ऑगस्ट २०२५ मध्ये ती सवलत सगळ्या देशांसाठी थांबवली गेली.

पगार वाढवला तर लाच थांबते का?

एकट्या पगारानं नाही. चीनमध्ये १८५४ पासून शांघायहून वाढत गेलेलं परदेशी व्यवस्थापनाखालचं सागरी सीमाशुल्क खातं बऱ्याचदा उदाहरण म्हणून दिलं जातं. रॉबर्ट हार्ट १८६३ पासून त्याचे प्रमुख होते. पगार चांगले, भरतीला परीक्षा, एका बंदरातून दुसऱ्या बंदरात बदल्या आणि प्रत्येक बंदराचा एकाच नमुन्यातला हिशेब, या चार गोष्टी एकत्र होत्या. त्याच खात्यानं जहाजांवरच्या टनभार शुल्कातून किनाऱ्यावर दीपगृहं बांधली. वरच्या जागा मात्र परक्यांच्या हाती राहिल्या आणि या शिस्तीतून येणारा पैसा पुढे परकीय देण्यांना तारण पडला, हेही त्याच हिशेबात धरायला हवं.

अलीकडचा एक प्रयोग कॅमेरूनचा. २०१० मध्ये दुआला बंदरातल्या तपासनिसांशी कामगिरीचे करार झाले. संगणकातल्या नोंदींवरून कोण किती वेळ लावतो, किती फेरफार करतो आणि त्यातून किती वसुली निघते, हे मोजलं गेलं. कागद लवकर निघू लागले आणि वसुलीही वाढली. मूळ पगारवाढीपेक्षा, आपलं काम कुणीतरी आकड्यांत पाहतंय याचा परिणाम जास्त झाला असावा.

रात्री आणि सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या जहाजांचं काय?

जहाज भरती-ओहोटी पाहून येतं, कचेरीची वेळ पाहून नाही. म्हणून एकतर तीन पाळ्या लावाव्या लागतात किंवा जादा कामाचा भत्ता द्यावा लागतो. हा भत्ता अनेक ठिकाणी जहाज कंपनीकडून किंवा आयातदाराकडून वसूल होतो, त्यामुळे तो खात्याच्या खर्चात दिसत नाही. भत्ता फार उदार असेल तर दिवसाचं काम रात्रीवर ढकललं जातं. हे टाळायला कामाच्या वेळा बंदराशी जुळवणं स्वस्त पडतं.

वसुलीचा खर्च शेवटी कोण भरतं? फी लावता येते का?

लावता येते, पण हात मोकळे नाहीत. गॅट या जागतिक व्यापारविषयक कराराच्या आठव्या कलमानुसार आयात-निर्यातीवरची फी ही दिलेल्या सेवेच्या अंदाजे खर्चाइतकीच असली पाहिजे. तिच्या आडून उत्पन्न कमावता येत नाही. अमेरिकेनं १९८० च्या दशकात मालाच्या किमतीवर टक्केवारीनं प्रक्रिया फी लावली. १९८८ मध्ये गॅटच्या पंचांनी ती नियमाबाहेर ठरवली, कारण महागड्या खेपेचे कागद तपासायला स्वस्त खेपेपेक्षा शेकडो पट श्रम लागत नाहीत. आता तिथे ०.३४६४ टक्के फी आहे, पण प्रत्येक खेपेला किमान आणि कमाल मर्यादेसह.

युरोपीय संघात वेगळीच तऱ्हा. तिथलं सीमाशुल्क संघाच्या सामाईक अर्थसंकल्पात जातं, पण गोळा करणारा देश खर्चापोटी काही हिस्सा स्वतःकडे ठेवतो. हा हिस्सा २००० सालापर्यंत १० टक्के होता, मग २५, २०१४ पासून २० आणि २०२१ पासून पुन्हा २५ टक्के. खरा खर्च एवढा येत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. रॉटरडॅम आणि अँटवर्पसारखी बंदरं ज्यांच्याकडे आहेत, त्या देशांना ती एक शांतपणे मिळणारी सवलतच आहे.

व्यापाऱ्याला होणारा खर्च यात मोजतात का?

सहसा नाही, आणि सगळ्यात मोठी गफलत इथे होते. आयातदारासाठी कस्टम्सचे सोपस्कार करून देणाऱ्या क्लिअरिंग एजंटची दलाली, गोदीत पडून राहिलेल्या कंटेनरचं भाडं, अडकलेलं भांडवल, कागद भरणारे कारकून हे सरकारच्या कोणत्याच खात्यात दिसत नाही. ब्रिटननं युरोपीय संघ सोडताना तिथल्या करखात्याचाच अंदाज होता, की नव्या घोषणापत्रांपायी ब्रिटिश उद्योगांना वर्षाला साडेसात अब्ज पौंड खर्च येईल. सीमा तीच, माल तोच, बराचसा माल शुल्काविना जाणारा. तरी फक्त कागदांचा हा खर्च.

खात्यानं दहा तपासनीस कमी केले आणि रांग दोन दिवसांनी लांबली, तर खात्याचा अहवाल बचत दाखवेल आणि प्रत्येक कंटेनरमागे दोन दिवसांचं भाडं व्यापारी भरेल. तो ते मालाच्या किमतीत घालेल. खर्चानं नुसता खिसा बदललेला असतो. रांग लांब असली की ती तोडून देणाराही कुणी भेटतो, आणि स्मिथनं मोजलेली वरकमाई तिथून परत सुरू होते.

शुल्कच शून्य केलं तर ही सगळी माणसं वाचतील का?

काहीच वाचतील. स्वित्झर्लंडनं १ जानेवारी २०२४ पासून औद्योगिक मालावरचं आयातशुल्क काढून टाकलं, पण मूल्यवर्धित कर, शेतमालावरचं शुल्क आणि घोषणापत्रं आहेतच. हाँगकाँग तर मुक्त बंदर. तिथे फक्त मद्य, तंबाखू, खनिज तेल आणि मिथाइल अल्कोहोल या चार गोष्टींवर कर आहे, तरी कस्टम्स खात्यात हजारो माणसं काम करतात. सिगारेटी इतर ठिकाणाहून चोरून येतात, अमली पदार्थ येतात, नकली घड्याळं येतात.

एखाद्या बंदराचं खातं महाग आहे की नाही, हे बाहेरच्या माणसानं कसं ओळखावं?

शेकडा खर्चाचा आकडा पाहा, पण शेवटी. त्याआधी माल उतरल्यापासून फाटकाबाहेर पडेपर्यंत लागणारा वेळ पाहा. तो मोजण्याची जागतिक सीमाशुल्क संघटनेनं ठरवलेली पद्धत आहे आणि अनेक देश निकाल जाहीर करतात. उघडलेल्या शंभर पेट्यांपैकी कितींत खरंच काही सापडलं ते विचारा. दोन-चारांतच सापडत असेल तर बाकीची तपासणी वाया जाते आहे. अपिलात खात्याच्या किती मागण्या रद्द होतात आणि परतावे किती महिने रखडतात, हेही पाहा, कारण चुकीच्या मागणीतून आलेली वसुली आधी खात्याची टक्केवारी सुधारते आणि दोन वर्षांनी व्याजासह परत जाते. खातं हे आकडे देत नसेल, तर बंदराबाहेरच्या एखाद्या क्लिअरिंग एजंटला त्याचा सर्वसाधारण खर्च विचारा. त्यात पावती नसलेली ओळ किती रुंद आहे, हे तो बहुधा न विचारताच सांगेल.